सांध्यात मुरणारं मीठ

शिडाच्या होडीवर न्यायला खिशातलं बहुपयोगी हत्यार घेताना बहुतेक जण आधी त्यातली अवजारं मोजतात. पक्कड, सुरी, करवत, कात्री, तीन पेचकस. मी मात्र आधी सांधा बघेन, म्हणजे सगळी पाती जिथे एका खिळीवर फिरतात ती जागा. समुद्रावर हत्यार मरतं ते तिथेच.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. पाणी उडून जातं, क्षार राहतात. त्यातलं मॅग्नेशियम क्लोराइड तर भलतंच ओलखाऊ. हवेतली सापेक्ष आर्द्रता 33 टक्क्यांच्या वर गेली, की ते हवेतलं बाष्प ओढून पाझरू लागतं. समुद्रावरची हवा त्याहून कोरडी क्वचितच असते. म्हणजे खारं पाणी लागलेलं हत्यार नुसतं पुसून खिशात टाकलं, तर ते सुकल्यासारखं दिसतं, पण आतून ओलंच असतं.

‘पण ते स्टेनलेस आहे ना?’ आहे. पोलादात किमान साडेदहा टक्के क्रोमियम असलं, की पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा पापुद्रा धरतो. ओरखडा उठला तरी हवेतला ऑक्सिजन घेऊन तो पुन्हा सांधला जातो. मिठातले क्लोराइड हा पापुद्रा ठिकठिकाणी फोडतात. उघड्या पात्यावर तो बऱ्याचदा भरून येतो. सांध्याच्या फटीत मात्र अडकलेल्या पाण्यातला ऑक्सिजन लवकर संपतो, पापुद्रा दुरुस्त व्हायला काही उरत नाही. विरघळणाऱ्या धातूमुळे फटीतलं पाणी आम्लधर्मी होतं, बाहेरचे क्लोराइड आणखी आत खेचले जातात, आणि झीज स्वतःच स्वतःचा वेग वाढवत जाते. बाहेरून पातं चकचकीत, आणि ऐन वेळी उघडायला जावं तर जाम!

मग सर्वांत गंजरोधक पोलाद का घेऊ नये? कारण ते धार धरत नाही. होडीच्या कड्या-साखळ्यांना वापरतात त्या 316 जातीच्या पोलादात दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असतं, खाऱ्या पाण्यात ते चांगलं टिकतं. पण तापवून, पाणी देऊन ते कडक करता येत नाही. पात्याला कडकपणा हवा तर कार्बन लागतो, आणि हाच कार्बन क्रोमियमला धरून त्याचे कार्बाइड करून टाकतो. तेवढं क्रोमियम पापुद्र्याच्या कामाला उरत नाही. पात्यांना वापरतात त्या 440सी पोलादात 16 ते 18 टक्के क्रोमियम असूनही ते समुद्रावर डागाळतं, त्याचं कारण त्यातला सुमारे एक टक्का कार्बन. यातून काढलेली वाट म्हणजे कडकपणाचं बरंचसं काम नायट्रोजनवर सोपवायचं. एलसी200एन हे तशा जातीचं पोलाद. त्याची वेगळी सुरी, आणि जोडीला मोजक्या अवजारांची साधी पक्कड, ही जोडी मला पंधरा अवजारांच्या एका ठोकळ्यापेक्षा बरी वाटते.

टायटॅनियमला समुद्राचं पाणी जवळजवळ काहीच करत नाही, पण धारेसाठी ते मऊ पडतं. मुठीला उत्तम. फक्त तिच्यात स्क्रू साध्या पोलादाचे नकोत: खाऱ्या पाण्यात दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटून असले की त्यांची बॅटरी होते, आणि त्यातला दुबळा धातू झिजतो. ॲल्युमिनियमच्या मुठीत स्टेनलेसची खीळ असेल तर मूठच खाल्ली जाते.

पातं दातेरी असावं. आजचे पॉलिस्टर आणि डायनीमाचे (एका फार मजबूत कृत्रिम तंतूचे) दोर गुळगुळीत असतात, साधी धार त्यांच्यावरून घसरते, दाते तंतू पकडतात. टोक बोथट हवं, कारण डेक हलत असतो. पातं एका हातानं उघडावं, कारण दुसरा हात होडीला धरलेला असतो. भिजून आवळलेली गाठ सोडवायला दाभणासारखा सुळा हवाच. आणि हत्यार कमरेला दोरीनं बांधलेलं असावं. पोलाद पाण्यावर तरंगत नाही.

एक गंमत सांगायची राहिली. 316 ला लोहचुंबक जवळजवळ ओढत नाही, पात्यांची नेहमीची पोलादं मात्र ओढली जातात. त्यामुळे हत्यार होकायंत्राशेजारी ठेवलं, तर सुई सरकते आणि दिशा चुकते.

दुकानात हत्यार हातात घेतलं, की सगळी पाती उघडून सांध्यातून आरपार उजेड दिसतो का ते बघा. जिथून उजेड जातो तिथून गोडं पाणीही जातं. रिबिटांऐवजी स्क्रूंनी जोडलेलं असेल तर आणखी चांगलं, खोलून धुता येईल. किनाऱ्याला लागल्यावर गोड्या पाण्यात बुडवून पाती पाच-सहा वेळा उघडझाप करायची, वाळवायचं आणि खिळीवर तेलाचा एक थेंब सोडायचा.