बाळाची घरघर आणि ‘लाखात एक’चा समज

“श्वासनलिका मऊ असणं हा लाखात एखाद्या तान्ह्या बाळाचा आजार, मोठ्यांना होतच नाही,” असा मेसेज सांगली-मिरजेच्या ग्रुपवर पुन्हा पुन्हा फिरतो. तो खरा नाही.

नेदरलँड्समधल्या एका अभ्यासात या आजाराच्या जन्मजात प्रकाराचा अंदाज २१०० मुलांमागे किमान एक असा निघाला. हा दोष अनेकदा दमा किंवा सर्दी समजला जातो, म्हणून तो दुर्मीळ वाटतो. साधा एक्सरे श्वास भरून घेतल्यावर काढतात. तेव्हा नळी उघडी असते, चित्र स्वच्छ येतं. नळी दबते ती श्वास सोडताना, रडताना, खोकताना. म्हणून खात्री होते ती श्वासनलिकेत घातलेल्या दुर्बिणीने, रुग्ण स्वतः श्वास घेत असताना.

मोठ्यांमध्येही तो होतो. श्वासासाठी घातलेली कृत्रिम नळी जास्त दिवस घशात राहिल्यावर किंवा फुफ्फुसांच्या जुनाट आजारात श्वासनलिकेची भिंत सैल पडते. दम्याच्या पंपाने फरक पडत नसेल, तर डॉक्टरांना हे जरूर विचारा.

बाळ घरघरतंय? कपडे काढून, दूध पिताना आणि रडताना मोबाईलवर व्हिडिओ घ्या, डॉक्टरांना दाखवा. बहुतेक मुलं दोन वर्षांपर्यंत सुधारतात. पण ओठ निळे पडले, श्वास थांबला किंवा बाळ दूध पिईना झालं, तर घुटी उगाळत बसू नका, लगेच दवाखाना गाठा.