ऑपरेशन्स मॅनेजमेंट बिझनेस डिग्रीत आलं कसं: थोडी पार्श्वभूमी

बिझनेसच्या डिग्रीत ऑपरेशन्स मॅनेजमेंट (म्हणजे वस्तू बनवण्याचं किंवा सेवा देण्याचं काम नीट कसं चालवायचं याचा विषय) घेतलं की सिलॅबस बघून जरा गोंधळायला होतं, एका चॅप्टरमध्ये कामगाराचा टाइम स्टडी (कामाला लागणारा वेळ मोजणं), पुढच्यात लिनियर प्रोग्रामिंग (मर्यादित साधनांतून सगळ्यात चांगला पर्याय काढायचं गणित), मग एकदम जपान, मग रांगेत उभ्या असलेल्या ग्राहकांचं गणित आणि शेवटी सप्लाय चेन (कच्च्या मालापासून ग्राहकापर्यंतची साखळी). यांचा एकमेकांशी काय संबंध हे बऱ्याचदा कुणी सांगत नाही आणि मुलं फॉर्म्युले पाठ करून पेपर सोडवून मोकळी होतात. मला हा विषय मनापासून आवडतो आणि माझं मत असं आहे की तो इतिहासाच्या क्रमाने वाचला तर निम्मा तिथेच समजतो, कारण यातला जवळजवळ प्रत्येक चॅप्टर कुठल्यातरी खऱ्या अडचणीतून नाहीतर भांडणातून आलाय.

मुळात हा विषय बिझनेस स्कूलचा नव्हताच. कारखान्यात काम वाटून घेतलं की काय होतं हे ॲडम स्मिथने १७७६ मध्येच टाचण्यांचं उदाहरण देऊन लिहिलं होतं, १० माणसं मिळून दिवसाला ४८,००० टाचण्या. १८३२ मध्ये चार्ल्स बॅबेजने (हो, तोच कॉम्प्युटरवाला) त्यात भर घातली की काम तोडून वाटलं की प्रत्येक तुकड्याला जेवढं कौशल्य लागतं तेवढ्याचेच पैसे मोजावे लागतात. म्हणजे विचार होता, पण तो कुणी वर्गात शिकवत नव्हतं. १८८१ मध्ये फिलाडेल्फियात व्हॉर्टन स्कूल सुरू झालं, अमेरिकेतलं पहिलं कॉलेज पातळीवरचं बिझनेस स्कूल, पण तेव्हाच्या बिझनेस शिक्षणाचा सगळा भर हिशेब, व्यापारी कायदा, अर्थशास्त्र यावर. कारखाना चालवणं हे इंजिनिअरचं आणि फोरमनचं काम मानलं जायचं.

आणि गंमत म्हणजे त्याच शहरात, त्याच दशकात मिडव्हेल स्टीलच्या कारखान्यात फ्रेडरिक टेलर स्टॉपवॉच घेऊन कामगारांच्या हालचाली मोजत होता. त्याचा सगळ्यात गाजलेला प्रयोग नंतरचा, १८९९ चा, बेथलहेम स्टीलमधला. कच्च्या लोखंडाचे ९२ पाउंडांचे म्हणजे साधारण ४२ किलोचे ठोकळे उचलायचे आणि फळीवरून चढून रेल्वेच्या वाघिणीत टाकायचे. आधी एक माणूस दिवसाला साडेबारा टन भरायचा, टेलरने हिशोब काढला की ४७.५ टन व्हायला पाहिजेत, आणि एका कामगाराकडून ते करून घेतले असं त्याने लिहिलं. हा आकडा नुसता वाचून सोडून देऊ नका, मांडून बघा: ४७.५ टन म्हणजे साडेअकराशेच्या आसपास ठोकळे, दहा तासांचा दिवस धरला तर सरासरी दर अर्ध्या मिनिटाला एक, विश्रांतीचा वेळ पण त्यातच धरून. मजुरी १.१५ डॉलरवरून १.८५ डॉलर झाली, म्हणजे काम जवळजवळ चौपट आणि पगार १.६ पट. पुढे इतिहासकारांनी जुनी कागदपत्रं तपासली तेव्हा टेलरने ही गोष्ट बरीच रंगवून सांगितली होती असं दिसलं, तरी ती पुस्तकांत अजून आहेच.

१९१० मध्ये रेल्वेच्या भाडेवाढीचं प्रकरण सुनावणीला आलं, त्यात वकील लुई ब्रँडाइसच्या बाजूने असा दावा झाला की सायंटिफिक मॅनेजमेंट, म्हणजे टेलरची ही मोजूनमापून काम बसवायची पद्धत, वापरली तर रेल्वे कंपन्या रोजचे दहा लाख डॉलर वाचवू शकतात, आणि तिथून हे नाव घरोघरी पोचलं. पण १९११ च्या ऑगस्टमध्ये वॉटरटाउनच्या सरकारी शस्त्रागारात स्टॉपवॉच आल्यावर कामगारांनी संप केला, संसदेच्या समितीपुढे टेलरची उलटतपासणी झाली आणि पुढे सरकारी शस्त्रागारांत स्टॉपवॉच वापरायला बंदीच आली. टाइम स्टडी शिकताना हा भाग वगळला जातो याचं मला फार वाईट वाटतं, कारण पद्धत जितकी जुनी तितकाच तिला झालेला विरोधही जुना आहे. फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ या जोडप्याने थोडी वेगळी वाट धरली, वीट रचण्याच्या १८ हालचाली ५ च्या आसपास आणल्या, भर घाई करण्यापेक्षा वाया जाणारी हालचाल काढून टाकण्यावर. लिलियन तर मानसशास्त्र शिकलेली, आणि कामाची पद्धत ठरवताना माणसाच्या थकव्याचा विचार व्हायला पाहिजे हे तिने लावून धरलं.

याच सुमारास विषय कॉलेजात शिरला, दोन दारांनी. पेन स्टेटमध्ये १९०८-०९ ला इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगचा पदवी अभ्यासक्रम सुरू झाला आणि १९०८ मध्येच निघालेल्या हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये टेलर स्वतः लेक्चर द्यायला जायचा. एक दार इंजिनिअरिंगचं, एक बिझनेसचं, आणि हा विषय नक्की कुणाचा ही ओढाताण आजतागायत चालू आहे.

१९१३ हे वर्ष मात्र लक्षात ठेवण्यासारखं. फोर्डच्या हायलँड पार्क कारखान्यात मॅग्नेटो (इंजिनाला ठिणगी देणारा भाग) जोडायला एका माणसाला २० मिनिटं लागायची, ते काम २९ तुकड्यांत वाटून माणसं ओळीत उभी केली तर १३ मिनिटं १० सेकंद, मग लोकांना वाकावं लागू नये म्हणून लाइनची उंची वाढवली तर ७ मिनिटं, आणि शेवटी ५. नुसती उंची बदलून एवढा फरक! लाइन बॅलन्सिंगचं (ओळीतल्या प्रत्येकाला सारखं काम वाटायचं) गणित सोडवताना हे डोळ्यांसमोर असलं की उत्तराला अर्थ येतो. त्याच वर्षी फोर्ड हॅरिस नावाच्या (मोटारवाल्या फोर्डशी काही संबंध नाही) इंजिनिअरने एका मासिकात छोटासा लेख लिहिला की एका वेळी किती पार्ट बनवायचे, जास्त बनवले तर साठवणुकीचा खर्च, कमी बनवले तर मशीन परत परत सेट करायचा खर्च, दोन्हींचा मेळ कुठे बसतो. तोच आपला ईओक्यू (इकॉनॉमिक ऑर्डर क्वांटिटी). बरीच वर्षं हा फॉर्म्युला विल्सन नावाच्या दुसऱ्याच माणसाच्या नावाने ओळखला गेला, मूळ लेख विस्मरणात गेला होता. १९२४ मध्ये वॉल्टर शूहार्टने वेस्टर्न इलेक्ट्रिकमध्ये असताना जेमतेम एका पानाचा मेमो लिहून कंट्रोल चार्ट (मालातला फरक नेहमीचा की काहीतरी बिघडल्याचा हे दाखवणारा आलेख) मांडला. इन्व्हेंटरी (साठा) आणि क्वालिटी, आजच्या सिलॅबसचे दोन मोठे युनिट, दोन्ही नोकरी करणाऱ्या माणसांनी रोजच्या कामातून काढलेले.

मग दुसरं महायुद्ध. ब्रिटनमध्ये पॅट्रिक ब्लॅकेटसारखे शास्त्रज्ञ जहाजांचे ताफे केवढे ठेवायचे याचा आकडेवारीने अभ्यास करत होते आणि मोठ्या ताफ्यात प्रमाणाने नुकसान कमी होतं असं दिसलं. १९४७ मध्ये जॉर्ज डँटझिगने लिनियर प्रोग्रामिंगचे प्रश्न सोडवायची सिम्प्लेक्स मेथड दिली. युद्ध संपल्यावर हे सगळं ऑपरेशन्स रिसर्च, म्हणजे गणिताच्या आधारे निर्णय घ्यायचं शास्त्र, कंपन्यांकडे आणि कॉलेजांकडे आलं.

इथे डिग्रीच्या इतिहासातलं सगळ्यात मोठं वळण येतं. १९५९ मध्ये अमेरिकेत दोन रिपोर्ट आले, एक फोर्ड फाउंडेशनच्या पैशावर झालेला गॉर्डन आणि हॉवेलचा, दुसरा कार्नेगी कॉर्पोरेशन या संस्थेसाठी पियरसनने केलेला. दोघांनीही बिझनेस स्कूलना खडे बोल सुनावले की तुमचे कोर्स फार वरवरचे आहेत, अंडरग्रॅज्युएट मुलांना किरकोळ कामचलाऊ गोष्टी शिकवण्यात वेळ घालवताय, त्यात गणित नाही, संशोधन नाही. प्रॉडक्शनचे जुने कोर्स या टीकेत सापडले आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत विषयाचा चेहराच बदलला, कारखान्याच्या जागी मॉडेल आलं. यामुळे विषयाला वजन आलं हे मान्य, पण माझ्या मते इथेच शॉपफ्लोरशी (प्रत्यक्ष कारखान्याशी) नातं तुटलं, प्राध्यापक असे तयार झाले ज्यांना शेड्युलिंगचा प्रॉब्लेम सोडवता येतो पण मशीन का बंद पडलंय हे बघायला जावंसं वाटत नाही. विकहॅम स्किनरने १९६९ मध्येच इशारा दिला होता की कंपनीची स्ट्रॅटेजी ठरवताना मॅन्युफॅक्चरिंगला कुणी विचारतच नाही. फारसं कुणी मनावर घेतलं नाही.

डोळे उघडले ते जपानमुळे. एडवर्ड्स डेमिंगने १९५० मध्ये तिथे जाऊन क्वालिटी कंट्रोलची लेक्चर दिली होती, १९५१ मध्ये त्याच्या नावाने जपानने बक्षीसही सुरू केलं, आणि टोयोटात ताइइची ओनोने कमीत कमी साठ्यावर चालणारी पद्धत हळूहळू बसवत आणली, कानबान कार्ड (माल संपत आला की मागच्या टप्प्याला कळवणारं) वगैरे सगळं त्यातलंच. ग्राहक शेल्फवरून उचलतो तेवढंच परत भरायचं ही अमेरिकन सुपरमार्केटची रीत त्याने कारखान्यात आणली. १९७० च्या दशकात जपानी गाड्यांनी अमेरिकन बाजार काबीज करायला सुरुवात केली तेव्हा बिझनेस स्कूल जागी झाली, आणि १९८० मध्ये अमेरिकन टीव्हीवर डेमिंगवर कार्यक्रम झाला तोवर तो स्वतः ऐंशीला टेकला होता. त्यानंतरच टीक्यूएम (सगळ्या कंपनीने मिळून क्वालिटी सांभाळणं), जेआयटी (लागेल तेव्हाच माल आणणं), लीन (वाया जाणारं काढून टाकणं), मोटोरोलाचं १९८६ चं सिक्स सिग्मा (आकडेवारीने चुका कमी करणं) हे सगळं सिलॅबसमध्ये आलं.

दरम्यान बँका, हॉस्पिटलं, हॉटेलं, एअरलाइन्स यांचं काम पण याच पद्धतीने बघता येतं हे लक्षात आल्यावर प्रॉडक्शन मॅनेजमेंट हे नाव अपुरं पडायला लागलं आणि ऑपरेशन्स हे नाव रुळलं. रांगांचं गणित म्हणूनच इथे आहे, ते मूळचं कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतल्या एर्लांगचं, १९०९ चं.

सप्लाय चेन हा शब्द १९८२ मध्ये कीथ ऑलिव्हर या कन्सल्टंटमुळे चर्चेत आला, पण पाया आधीच पडला होता, १९५६ मध्ये आयडियल-एक्स हे जहाज ५८ कंटेनर घेऊन न्यूअर्कहून ह्यूस्टनला गेलं तेव्हापासून. २०२० ची कोविडमधली मालाची टंचाई आणि २०२१ च्या मार्चमध्ये सुएझ कालव्यात सहा दिवस अडकलेलं एव्हर गिव्हन हे कंटेनर जहाज यानंतर तर या पेपरला वेगळं महत्त्व आलं, आणि कमी साठा ठेवणं नेहमीच शहाणपणाचं असतं का हा प्रश्न वर्गात नव्याने विचारला जायला लागला. बऱ्याच ठिकाणी आता डिग्रीचं नावच ऑपरेशन्स अँड सप्लाय चेन असतं.

आता ॲनालिटिक्स (गोळा केलेल्या आकड्यांवरून निर्णय घेणं) आलंय. गोदामात कामगाराच्या हातातला स्कॅनर प्रत्येक वस्तूची वेळ नोंदवतो, वेगळा स्टॉपवॉच घेऊन कुणी उभं राहायची गरज नाही. कॅलिफोर्नियात २०२२ पासून कायदा लागू झाला की मोठ्या गोदामांनी कामगाराला त्याचा कोटा लेखी सांगायचा आणि जेवणाची, विश्रांतीची, बाथरूमची वेळ खाणारा कोटा लावायचा नाही. ऑपरेशन्स शिकणाऱ्या मुलांनी वॉटरटाउनचा संप आणि हा कायदा एकाच लेक्चरमध्ये वाचावा असं मला वाटतं, उद्या ते कोटे ठरवायला हीच मुलं बसणार आहेत.