मापो टोफूतला खिमा आणि 'व्हेज' शब्दाचा घोळ

मेन्यूवर वीगन (म्हणजे मांसच काय, दूध-तूपही नसलेला) मापो टोफू दिसला की कोणीतरी म्हणतंच, हे काय, ओरिजिनल नाही. म्हणून थोडं मागचं.

मापो टोफू म्हणजे तिखट लाल रश्श्यातला टोफू, वर खिमा. डिश चीनच्या सिचुआन प्रांतातल्या चेंगदूची. नेहमी सांगतात ती गोष्ट अशी की १८६२ च्या सुमाराला वानफू पुलाजवळ चेन आडनावाच्या कुटुंबाची खानावळ होती, मालकीणबाईंच्या चेहऱ्यावर देवीचे व्रण, आणि तेलाचे हमाल तिथे पोटभर आणि स्वस्तात जेवायला थांबायचे. 'मा' म्हणजे व्रणांची, 'पो' म्हणजे म्हातारी. माला म्हणजे सिचुआनची मुंग्या-अधिक-तिखट चव, त्यातला जिभेला मुंग्या आणणारा 'मा' त्याच अक्षराने लिहितात, म्हणून बरेच जण नावाचा अर्थ 'मुंग्यांवाला टोफू' असा लावतात, तो चूक आहे. खिमा तेव्हा बीफचा, आता बऱ्याच ठिकाणी पोर्कचा. म्हणजे मांस आधीच बदललंय आणि त्यावर कोणी बोंब मारत नाही!

१९५० नंतर जपानमध्ये ही डिश घरोघरी पोचली ती तिखट आणि मुंग्या दोन्ही कमी करून. अमेरिकेत तर १९६८ ते २००५ सिचुआन मिरीच्या (मुंग्या येतात त्या हिच्यामुळे) आयातीवर बंदी होती, लिंबूवर्गीय झाडांचा रोग येईल म्हणून, त्यामुळे तिथल्या कित्येक रेस्टॉरंटांत मुंग्यांशिवायचाच मापो चालला. माझ्या मते खिमा नसण्यापेक्षा हे जास्त मोठं पाप. (ही मिरी आपल्या तिरफळाची सख्खी बहीण, कोकणी-गोवेकरी माणसाला तो झटका नवीन नाही.)

आता खरा घोळ. चीनमध्ये बिनमांसाचं जेवण नवीन नाहीच, बौद्ध मठांत शतकानुशतकं चालत आलंय, त्याला 'सू' म्हणतात. पण कडक 'सू' मध्ये कांदा-लसूण पण नाही, आणि मापोत लसूण नाही म्हणजे काय राहिलं? म्हणजे लसूणवाला वीगन मापो वीगन आहे पण मठाच्या हिशेबाने सू नाही. उलट आपल्याकडचा 'व्हेज'. त्यात दूध-तूप चालतं, अंडं नाही, म्हणून कोणी टोफूऐवजी पनीर टाकून व्हेज मापो विकला तर तो व्हेज आहे आणि वीगन अजिबात नाही. भारतात वीगन पदार्थांसाठी वेगळे नियम आले ते २०२२ मध्ये, पण ते पाकिटावरचं लेबल, वेटरला विचारलं तर 'हो सर प्युअर व्हेज' एवढंच उत्तर मिळतं. खिमा काढला तरी चिकन स्टॉक आणि ऑयस्टर सॉस कढईत राहू शकतात, विचारायचं ते याबद्दल.

बाकी डिशचा जीव कशात आहे म्हणाल तर दोबानजियांगमध्ये. फावा बीन्स आणि मिरच्या मीठ घालून आंबवलेली लाल पेस्ट, चेंगदूजवळच्या पीश्यानची नावाजलेली. त्यात मुळातच मांस नाही. शिवाय आंबवलेलं काळं सोयाबीन, तेल, आलं. खिम्याच्या जागी भिजवलेले शिताके मशरूम बारीक चिरून तेलात कोरडे होईपर्यंत परतले, आणि त्यांचंच पाणी स्टॉक म्हणून वापरलं की चव भरते. सोया चंक्स टाकतात ती ठिकाणं मला नाही आवडत, ते रस्सा पिऊन टाकतात आणि टोफू कोरडा पडतो.