सुट्ट्या पैशांत चुकलेलं नाणं कसं शोधाल?

आमच्या ग्राहकांसाठी – राम मारुती रोड, ठाणे

चुकलेलं नाणं म्हणजे टांकसाळीत पाडतानाच ज्यात चूक झाली ते नाणं. आधी एक गैरसमज काढू. २०१२ चं वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं घेऊन पुष्कळ जण येतात, "मोबाइलवर लाखाला जातंय" म्हणतात. ते चुकलेलं नाणं नव्हे आणि त्याला लाखही मिळत नाहीत. जुनी नाणी विकून देतो म्हणून कुणी आधी 'फी' मागितली तर फोन ठेवा. रिझर्व्ह बँकेनेही ऑगस्ट २०२१ मध्ये अशा फसवणुकीबद्दल सावध केलं होतं.

आता खरा शोध. रिक्षा, भाजी, वडापाव यांतून उरलेली चिल्लर दिव्याखाली फडक्यावर पसरा. दहापट भिंग पुरे.

सालाखालची खूण बघा. पत्त्यातल्या चौकटसारखी असेल तर मुंबई टांकसाळ, चांदणी असेल तर हैदराबाद, ठिपका असेल तर नोएडा. काहीच नसेल तर कोलकाता. ती चूक नाही, हे कृपया लक्षात ठेवा.

मग नाणं वर-खाली चिमटीत धरून दारासारखं फिरवा. मागची बाजूही सरळच दिसायला हवी. आडवी किंवा उलटी आली तर साचा फिरलेला. किंचित कललेलं आम्ही धरत नाही.

रेघ दिसली तर नखाने चाचपा. साच्याला तडा गेला की नाण्यावर रेघ उंच उठते. खोल रेघ म्हणजे नुसता ओरखडा. कडेचा चंद्रकोरीसारखा तुकडा गायब असेल तर बरोबर समोरची कड बघा. टांकसाळीत कापलं गेलेलं असेल तर ती बहुधा दबलेली, अर्धवट असते. कानशीने घासलेल्या नाण्याची समोरची कड ठणठणीत राहते. दहाच्या नाण्याचा मधला भाग निखळलेला असेल तर तो बहुतेक वेळा हातोडीचा प्रताप!

सगळ्यात मजेदार 'लाखी'. आधीचं नाणं साच्याला चिकटून राहतं आणि पुढच्यावर त्याचाच ठसा उमटतो. म्हणून दोन्हीकडे एकच चित्र, पण एका बाजूला खोल आणि आरशातल्यासारखं उलटं. असं मिळालं तर खर्चू नका.

आणि धुऊ नका. चिंच, लिंबू, पितांबरी भांड्यांसाठी ठेवा; घासलेल्या नाण्याचा भाव आम्हीच निम्म्याहून कमी लावतो. कागदी पुडीत, कडेला धरून आणा. बघून सांगायचे पैसे घेत नाही. शनिवारी संध्याकाळी मात्र गर्दी असते, तेव्हा सकाळी या.