‘द टेक’: एकतर्फीपणाच्या आरोपामागचा अर्जेंटिना

अर्जेंटिनातले बंद पडलेले कारखाने ताब्यात घेऊन स्वतः चालवू पाहणाऱ्या कामगारांवरचा ‘द टेक’ हा माहितीपट २००४ साली आला. त्याचं कौतुक झालं, पण एक तक्रारही ऐकू येत राहिली: हा सरळसरळ कामगारांची बाजू घेतो. घेतोच. आवी लुईस आणि नेओमी क्लाईन या कॅनेडियन जोडप्याने ते लपवलेलंही नाही.

१९९० च्या दशकात अर्जेंटिनाचे राष्ट्राध्यक्ष कार्लोस मेनेम यांनी सरकारी कंपन्या विकायला काढल्या आणि पेसो हे तिथलं चलन डॉलरला एकास एक बांधलं. आयात माल स्वस्त पडू लागला, देशी कारखान्यांना टाळं लागू लागलं. डिसेंबर २००१ मध्ये बँकेतून स्वतःचे पैसे काढण्यावर बंधनं आली, तेव्हा लोक पातेली बडवत रस्त्यावर उतरले. २० तारखेला राष्ट्राध्यक्ष दे ला रुआ राजीनामा देऊन हेलिकॉप्टरने निघून गेले.

त्याच्या दोनच दिवस आधीची गोष्ट. ब्वेनोस आयरेसमधल्या ब्रुकमन या सूट शिवणाऱ्या कारखान्यात आठवड्याचा पगार घसरत घसरत दोन पेसोंवर आला होता. घरी जायला बसभाडंही नाही, म्हणून शिलाई करणाऱ्या बायकांनी पैसे मागितले. मालक पैसे आणायला म्हणून गेले, ते परतलेच नाहीत. बायका रात्री तिथेच थांबल्या. कारखाना ताब्यात घ्यायचा असा काही बेत नव्हता! नेउकेन प्रांतातल्या झानोन या टाइल कारखान्याचं तसं नव्हतं. तिथली संघटना आधीपासूनच लढाऊ होती. मार्च २००२ पासून कामगारांनी स्वतःच भट्ट्या पेटवल्या.

माहितीपट मुख्यतः फोर्हा या मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या बंद कारखान्याच्या कामगारांमागे फिरतो. तोही ऐन राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीच्या धामधुमीत. १८ एप्रिल २००३ ला पोलिसांनी बायकांच्या ताब्यातला ब्रुकमन रिकामा केला, २१ ला आत शिरू पाहणाऱ्या बायकांवर अश्रुधूर सोडला आणि २७ ला मेनेम पहिल्या फेरीत आघाडीवर आले. पुढे त्यांनी माघार घेतली, ती गोष्ट वेगळी. अशा दिवसांत कॅमेरा दोन्ही बाजूंच्या मधोमध ठेवा म्हणणं मला जरा गमतीचं वाटतं.

कच्चा माल, उधारी, गिऱ्हाईक यांचं पुढे काय, हे माहितीपटात फारसं येत नाही, हा आक्षेप मात्र वजनदार आहे. पण तेव्हा यातलं बरंचसं घडायचंच होतं. नेउकेनच्या विधिमंडळाने झानोन कारखाना कामगारांच्या सहकारी संस्थेकडे सोपवण्याचा कायदा केला, तो २००९ मध्ये.