'रक्त पातळ करायची गोळी' : नाव एक, औषधं दोन

आमच्या घरी फ्रिजवर औषधांचे दोन डबे असतात. स्टीलचा बाबांचा, निळ्या झाकणाचा आत्याचा. बाबांना हार्ट अटॅक आला तेव्हा स्टेंट, म्हणजे हृदयाची धमनी उघडी ठेवणारी बारीक जाळीची नळी बसवली. आत्याच्या हृदयाची झडप लहानपणच्या सांधेतापाने खराब झाली होती, ती बदलून धातूची बसवली. कुणी विचारलं की दोघंही एकच सांगतात, "रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे."

या एका वाक्याने आमच्याकडे बराच घोळ घातला. आत्याला पालेभाजी जपून खायला सांगितली होती, म्हणून बाबांनी मेथी-पालक सोडले. उलट आत्या म्हणायला लागली, "दादाला कुठे दर महिन्याला रक्त तपासावं लागतं? मलाच का?" आणि तिने तपासणी दोन महिने लांबवली. बाबांचं मेथीवाचून काही बिघडलं नाही. आत्याचा आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा तपासणीतला आकडा, मात्र १.४ निघाला. तिच्या झडपेला तो २.५ ते ३.५ हवा असतो. धातूच्या झडपेवर गुठळी धरली तर झडप अडकते, किंवा गुठळी सुटून मेंदूत जाते. त्या दिवशी डॉक्टरांचा चेहरा पाहिला आणि ठरवलं, हे दोन डबे नीट समजून घ्यायचे.

पहिली गोष्ट, या दोन्ही गोळ्यांनी रक्त पातळ होतच नाही. आमटीत पाणी घालावं तसं काही घडत नाही. रक्ताची दाटी तीच राहते, फक्त गुठळी धरायला अडथळा येतो. शेताच्या बांधाला भगदाड पडलं की आपण आधी हाताशी असतील ते दगड टाकतो, मग वरून चिखल लिंपून ते पक्कं करतो. रक्तातले दगड म्हणजे प्लेटलेट्स. चिखलाचं काम फायब्रिन नावाच्या धाग्यांची जाळी करते. बाबांची गोळी दगडांना एकमेकांना चिकटू देत नाही, तिला अँटिप्लेटलेट म्हणतात. आत्याची गोळी चिखल तयार होऊ देत नाही, ती अँटिकोॲग्युलंट.

मग दोघांना एकच का देत नाहीत? कारण गुठळी कुठे धरते त्यावर सगळं आहे. हृदयाच्या धमनीत रक्त जोरात वाहतं. तिथे चरबीचा थर फुटला की त्यावर आधी प्लेटलेट्स तुटून पडतात. स्टेंटच्या नव्या जाळीवरही तेच. जिथे रक्त रेंगाळतं, म्हणजे पायाच्या खोल शिरांत किंवा ठोके अनियमित झालेल्या हृदयाच्या डाव्या कप्प्यातल्या खळगीत, तिथे मुख्य काम फायब्रिनच्या जाळीचं असतं. धातूच्या झडपेवरही गुठळीला जोर त्या जाळीचाच. म्हणून अनियमित ठोक्यांच्या म्हणजे एएफच्या पेशंटला नुसती ॲस्पिरिन देऊन लकव्यापासून पुरेसं संरक्षण मिळत नाही.

आपली गोळी कुठल्या घरातली, हे पाकिटावरच्या बारीक अक्षरांत सापडतं. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, प्रासुग्रेल, टिकाग्रेलॉर ही बाबांच्या घरातली. असेनोकुमारोल, वॉर्फरिन, आणि नव्यांपैकी डॅबिगॅट्रान, रिव्हारोक्साबॅन, ॲपिक्साबॅन ही आत्याच्या घरातली. ब्रँडच्या मोठ्या नावाकडे पाहू नका, कारण एकाच कॅप्सूलमध्ये ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल आणि कोलेस्टेरॉलचं औषध असं तिन्ही असू शकतं. बाबा अशी एक कॅप्सूल घेऊन वर जुन्या चिठ्ठीतली ॲस्पिरिनही घेत होते. मेडिकलवाल्या दादांच्या लक्षात आलं म्हणून बरं.

आता दाताची गोष्ट. स्टेंट बसून आठ महिने झाले होते आणि बाबांची दाढ काढायची होती. शेजारच्या काकांनी सांगितलं, "रक्त थांबणार नाही, गोळ्या बंद करा." बाबांनी त्यांच्या दोन्ही अँटिप्लेटलेट गोळ्या पाच दिवस बंद ठेवल्या, घरात कुणाला न सांगता. खुर्चीत बसल्यावर ते डॉक्टरीणबाईंना अभिमानाने म्हणाले, "मी गोळ्या बंद करूनच आलोय." त्यांनी हातातलं इंजेक्शन खाली ठेवलं. "काका, कुणाला विचारून बंद केल्यात?" तिथूनच त्यांनी हृदयाच्या डॉक्टरांना फोन लावला, गोळ्या त्याच दिवशी सुरू केल्या आणि दाढ पुढच्या आठवड्यात, गोळ्या चालू असतानाच काढली. खड्ड्यात औषधी स्पंज भरला, एक टाका घातला, कापसाचा बोळा दाबून धरायला लावला. नेहमीपेक्षा थोडा वेळ जास्त रक्त आलं, मग थांबलं.

या भानगडीमागचं कारण समजलं तेव्हा मला खरंच आश्चर्य वाटलं. प्लेटलेटमध्ये पेशीकेंद्र नसतं. ॲस्पिरिनने तिच्यातलं एक एन्झाइम एकदा निकामी केलं की ती प्लेटलेट नवं बनवू शकत नाही, मरेपर्यंत तशीच राहते. तिचं आयुष्य सात ते दहा दिवसांचं. म्हणजे उद्या दाढ काढायची म्हणून आज गोळी चुकवली तर फायदा शून्य. आणि पाच-सात दिवस चुकवली तर तोवर निम्म्याहून जास्त प्लेटलेट्स नव्या, ताज्या आलेल्या असतात आणि त्यांना समोर स्टेंट दिसतो. स्टेंट गुठळीने बंद पडणं म्हणजे पुन्हा मोठा अटॅक. अटॅकनंतरच्या स्टेंटला दोन अँटिप्लेटलेट गोळ्या साधारण वर्षभर देतात. रक्तस्रावाचा धोका जास्त असेल तर कमी काळ. पुढे सहसा एक चालू राहते. कुठली, कधी थांबवायची ते हृदयाचे डॉक्टर ठरवतात. शेजारचे काका नाहीत, आणि दुसऱ्या कुठल्या डॉक्टरांनी ऑपरेशनसाठी बंद करायला सांगितलं तरी आधी हृदयाच्या डॉक्टरांना एक फोन.

आत्याच्या गोळीचं गणित वेगळं. असेनोकुमारोल आणि वॉर्फरिन व्हिटॅमिन के-च्या कामात आडवी येतात, आणि पालक, मेथी, कोथिंबीर यांत ते भरपूर असतं. म्हणून नियम पालेभाजी बंद असा नाही, प्रमाण सारखं ठेवा असा आहे. श्रावणात रोज पालेभाजी आणि एरवी महिनाभर एकही नाही, असं केलं की आयएनआर हलतो. अँटिबायोटिकने, बुरशीवरच्या गोळ्यांनी, कुणी दिलेल्या काढ्यानेही हलतो. नव्या अँटिकोॲग्युलंट गोळ्यांना आयएनआर लागत नाही, भाजीचा हिशोबही नाही. पण त्यांचा असर दिवसभरातच उतरतो, त्यामुळे एखादी वेळ चुकली तरी महागात पडू शकतं. त्या धातूच्या झडपेला चालत नाहीत, हे आत्याला मी दोनदा समजावलं, कारण तिच्या मैत्रिणीने "तू पण नवी घे" म्हणून सांगितलं होतं. आणि डॅबिगॅट्रानची कॅप्सूल पाकिटातून काढून वारांच्या डबीत भरून ठेवू नये. ओलावा लागला की ती खराब होते.

बाबांच्या बाजूच्याही बारीक खुब्या आहेत. क्लोपिडोग्रेल यकृतात गेल्यावरच कामाचं औषध बनतं, आणि ॲसिडिटीची ओमेप्राझोल त्यात अडथळा आणते. पोट सांभाळायचं तर डॉक्टर सहसा पँटोप्राझोल देतात. टिकाग्रेलॉर दिवसातून दोनदा घ्यायची असते, आणि तिने काहींना धाप लागल्यासारखं होतं. तसं झालं तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा, स्वतःहून थांबवू नका. कुठलीही गोळी चुकली म्हणून दुसऱ्या वेळी दोन घेऊ नयेत.

दोन्ही डब्यांना एकच लागू पडतं ते दुखण्याच्या गोळ्यांचं. गुडघे दुखले की मेडिकलमधून डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन आणायची सवय या लोकांना जिवावर बेतू शकते, पोटात रक्तस्राव होतो. आयब्युप्रोफेन तर ॲस्पिरिनची जागाच अडवते. ताप-अंगदुखीला पॅरासिटामॉल बरी, पण असेनोकुमारोल किंवा वॉर्फरिन चालू असेल आणि ती रोज घ्यावी लागत असेल तर डॉक्टरांना सांगावं. पावसाळ्यात ताप आला तर पहिल्याच भेटीत सांगा की अशी गोळी चालू आहे. डेंग्यूत प्लेटलेट्स आधीच घसरतात. शौचाला डांबरासारखं काळं होणं, दहा-पंधरा मिनिटं दाबूनही नाकाचं रक्त न थांबणं, डोक्याला मार लागणं, यांपैकी काहीही झालं तर सकाळची वाट पाहायची नाही.

काहींना, म्हणजे स्टेंट आणि एएफ दोन्ही असलेल्यांना, काही काळ दोन्ही डब्यांतल्या गोळ्या एकत्र देतात. तेव्हा रक्तस्रावाचा धोका बराच वाढतो, म्हणून कुठली गोळी कुठल्या तारखेला थांबणार हे कागदावर लिहून मागून घ्यावं. आणि ज्यांना ना अटॅक ना स्टेंट, त्यांनी कुणाचं पाहून रोजची ॲस्पिरिन सुरू करू नये. २०१८ मध्ये आलेल्या तीन मोठ्या अभ्यासांनंतर ती सरसकट देणं थांबलं आहे.

आता बाबांच्या शर्टाच्या खिशात एक कागद असतो : स्टेंटची तारीख, दोन्ही गोळ्यांची नावं, हृदयाच्या डॉक्टरांचा फोन. आत्याच्या पर्समध्येही तसाच. तिच्या कागदामागे ती आयएनआरचे आकडे स्वतःच्या हाताने लिहिते. शेवटचा २.८ आहे.