काचेवरच्या रेघा आणि ठाण्याची दमट हवा

नाशिकच्या वाइनरीत चक्कर मारणं ही ठाणेकरांसाठी आता नवलाईची गोष्ट राहिलेली नाही. शनिवारी सकाळी माजिवड्याहून निघायचं, भिवंडी बायपासची कोंडी सोसायची, शहापूर, कसारा घाट, इगतपुरी करत जेवणाच्या आधी गंगापूर धरणाच्या बाजूला एखाद्या टेस्टिंग रूममध्ये टेकायचं. तिथला माहिती देणारा मुलगा ग्लास दांडीला धरून वाइन गरगर फिरवतो, उजेडासमोर धरतो आणि सांगतो, "या रेघा बघा. जितक्या जाड आणि जितक्या सावकाश उतरतील, तितकी वाइन भारी." सगळे माना डोलावतात. पुढच्या आठवड्यात हेच वाक्य घोडबंदर रोडवरच्या एखाद्या सोसायटीत, गच्चीवरच्या पार्टीत, आणखी ठासून सांगितलं जातं.

वाक्य चुकीचं आहे. त्या रेघांचा वाइनच्या दर्जाशी काही संबंध नाही. हलक्यातल्या हलक्या वाइनमध्ये त्या छान दिसतात आणि नुसत्या पाण्यात अल्कोहोल मिसळलं तरी दिसतात. पण त्या बनतात कशा, हे मात्र वाइनपेक्षाही चवीनं समजून घेण्यासारखं आहे.

एक प्रश्न स्वतःला विचारा. ग्लास फिरवल्यावर काचेला लागलेली वाइन ओघळून खाली यावी, हे साहजिक आहे. पण हा ओघळ एकदा येऊन संपत नाही. ग्लास टेबलावर स्थिर ठेवला तरी पाच-सात मिनिटं नवेनवे थेंब वरून उतरतच राहतात. वर कोणी वाइन ओतत नाही, मग ती तिथे पोचते कशी? काचेवरून वर चढते. गुरुत्वाकर्षणाच्या विरुद्ध, आपल्या डोळ्यांदेखत.

शाळेत पृष्ठताण शिकलेला असतो. द्रवाच्या पृष्ठभागावरचे रेणू एकमेकांना धरून ठेवतात, म्हणून तो ताणलेल्या पडद्यासारखा वागतो. २५ अंश तापमानाला पाण्याचा पृष्ठताण ७२ एकक आहे (एकक म्हणजे मिलिन्यूटन प्रति मीटर, पण आपल्याला फक्त तुलना हवी आहे). शुद्ध इथेनॉलचा जेमतेम २२. दोन्हींचं मिश्रण केलं तर आकडा मध्ये कुठेतरी येतो, पण सरळ रेषेत येत नाही. अल्कोहोलचे रेणू पृष्ठभागावरच गर्दी करतात, त्यामुळे थोडंसं अल्कोहोलही ताण झपाट्यानं उतरवतं. १३ टक्क्यांच्या वाइनचा पृष्ठताण ४७च्या आसपास असतो. त्यातलं निम्मं अल्कोहोल उडालं तर तो ५५च्या पुढे जातो.

आता काचेवरचा पातळ थर बघा. ग्लासातल्या वाइनचं आकारमान मोठं आणि उघडा पृष्ठभाग त्या मानानं लहान. काचेवरच्या थराचं उलटं आहे, सगळा पृष्ठभागच आणि आत द्रव नावापुरता. अल्कोहोल दोन्हीकडून उडतं, पण ग्लासातल्या साठ्यात त्यानं काही फरक पडत नाही, थरातलं अल्कोहोल मात्र काही सेकंदांत घटतं. थर पाणचट होतो, त्याचा पृष्ठताण वाढतो. खाली ४७, वर ५५. जिकडे ताण जास्त तिकडे पृष्ठभाग ओढला जातो आणि चिकटपणामुळे आपल्याबरोबर आतला द्रवही घेऊन जातो. वाइन वर चढते ती अशी. वर गेलेल्या वाइनमधलं अल्कोहोलही उडतं, म्हणजे ओढ टिकून राहते. इंजिन बंद पडतच नाही.

हे कोडं जेम्स थॉमसन या भौतिकशास्त्रज्ञानं १८५५ मध्ये उलगडलं. लॉर्ड केल्विनचा हा थोरला भाऊ. नाव मात्र लागलं कार्लो मारांगोनी या इटालियन भौतिकशास्त्रज्ञाचं, ज्यानं १८६५ मध्ये आपल्या प्रबंधात पृष्ठताणाच्या फरकामुळे होणाऱ्या प्रवाहांचा अभ्यास मांडला. त्याला आज मारांगोनी परिणाम म्हणतात. २०१५ मध्ये यात एक भर पडली. अल्कोहोल उडताना थर थंडही होतो, आणि थंड द्रवाचा पृष्ठताण जास्त असतो. म्हणजे ओढ दुहेरी आहे, थोडी घटलेल्या अल्कोहोलची आणि थोडी उतरलेल्या तापमानाची.

मग थेंब का? वर चढलेली वाइन अखंड पडद्यासारखी खाली का येत नाही? चढणारा द्रव थराच्या वरच्या काठाशी साचतो आणि तिथे एक जाडसर कड तयार होते. मोबाइलचा टॉर्च ग्लासाच्या एका बाजूला आणि पांढरा कागद दुसऱ्या बाजूला धरला की या कडेची सावली कागदावर स्पष्ट उमटते. कड एकसारखी जाड राहू शकत नाही. जिथे ती किंचित फुगीर असते तिथे वजन जास्त, तिथे शेजारचा द्रव गोळा होतो, फुगवटा आणखी वाढतो आणि वर खेचणारी ओढ अपुरी पडली की थेंब सुटतो. थेंबांमधलं अंतर बऱ्यापैकी सारखं दिसतं, कारण हा फुगवटा एका ठरावीक लांबीच्या लहरीसाठी सर्वात वेगानं वाढतो. गणितज्ञ अँड्रिया बर्टोझी आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये दाखवलं, की ग्लास फिरवल्यावर थराच्या जाडीत जी उडी तयार होते, ती एका विशिष्ट प्रकारच्या धक्का-लहरीसारखी वागते. तिच्या दोन्ही बाजूंच्या लहरी तिच्यात येऊन मिळण्याऐवजी एका बाजूनं तिला ओलांडून पुढे निघून जातात, म्हणून ती अस्थिर होते आणि तिच्यातून थेंब गळतात. हे वाक्य एका दमात पचलं नाही तरी हरकत नाही. हे गणित मांडायला आंशिक विकलक समीकरणं (पार्शल डिफरन्शियल इक्वेशन्स) लागतात, आणि एवढ्या रोजच्या दृश्याचं पूर्ण गणित व्हायला थॉमसननंतर दीडशेहून जास्त वर्षं लागली.

घरी करून बघायला वाइनच हवी असं नाही. मेडिकलच्या दुकानात मिळणारं ७० टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल एक भाग आणि पाणी तीन भाग, म्हणजे साधारण १७ टक्क्यांचं मिश्रण होतं. ते पिण्याचं नाही, आणि गॅसच्या शेगडीजवळ तर मुळीच करू नका. सॅनिटायझरची जेल चालत नाही, तिच्यातला घट्टपणा आणणारा पदार्थ सगळा खेळ बिघडवतो. ग्लास नीट धुतलेला हवा. इथेच बहुतेकांचं फसतं. भांडी घासायच्या साबणाचा अंश काचेवर राहिला, तर साबण स्वतःच पृष्ठताण पाडून सगळीकडे सारखा करतो. फरकच उरला नाही तर ओढही नाही. ओट्यावरच्या फडक्यानं पुसलं तर तेलकटपणा लागतो आणि थर पसरण्याऐवजी तुटक ठिपके होतात. गरम पाण्यानं दोनदा खळबळून, पालथा घालून आपोआप वाळू द्या. पंखा बंद करा, नाहीतर झोतात थर एकीकडे लवकर आणि एकीकडे उशिरा सुकतो. रेघा दिसायला लागल्या की ग्लासावर बशी झाका. आतली हवा अल्कोहोलच्या वाफेनं भरली की उडणं थांबतं आणि नवे थेंब बंद होतात. बशी काढा, पुन्हा सुरू. एवढ्या एका कृतीनं "जाड वाइन, जाड रेघा" हा समज निकालात निघतो, कारण बशी ठेवल्यानं वाइनचा घट्टपणा बदललेला नसतो.

पटलं नसेल तर कोकम सरबत घ्या, भरपूर साखरेचं. ग्लास फिरवा. दाट थर सावकाश उतरेल आणि संपेल. पुन्हा चढणार नाही, कारण त्यात उडून जाणारं काही नाही. वाइनमधल्या ग्लिसरॉलमुळे रेघा येतात असंही सांगितलं जातं. लिटरमागे पाच ते दहा ग्रॅम ग्लिसरॉल असतं हे खरं, गोड वाइनमध्ये साखरही असते, आणि दोन्हींमुळे थेंब थोडे सावकाश उतरतील. पण द्रव वर चढवण्याचं काम त्यांच्यानं होत नाही.

ठाण्याच्या हवेचा प्रश्न इथे येतो. जुलैत खिडकीबाहेर धो धो पाऊस, घरात कपडे दोन दिवस वाळत नाहीत. अशा हवेत रेघा दिसतील का? दिसतात. हवेतला दमटपणा पाण्याचं बाष्पीभवन रोखतो, अल्कोहोलचं नाही. खोलीतल्या हवेत अल्कोहोलची वाफ जवळजवळ शून्यच असते, मग ती खोली नौपाड्यात असो की नाशिकला. उलट दमट हवेत थरातलं पाणी टिकून राहतं आणि अल्कोहोल तेवढं जातं, म्हणजे रेघांना ते सोयीचंच. त्यापेक्षा ग्लासाच्या आकारानं जास्त फरक पडतो. अरुंद तोंडाच्या ग्लासात वाफ कोंडते आणि रेघा मंदावतात. तीच वाइन पसरट ग्लासात ओतली की रेघा जोमानं येतात. "भारी" वाइन ग्लास बदलल्यानं आणखी भारी होते म्हणायची!

तेव्हा रेघा सांगतात ते फक्त अल्कोहोल आहे, एवढंच. पाच टक्क्यांच्या बिअरमध्ये त्या जेमतेम, तेरा-चौदा टक्क्यांना स्पष्ट, ब्रँडीत ठसठशीत. शुद्ध अल्कोहोलमध्ये पुन्हा नाहीत, कारण फरक पडायला दुसरं काही हवं ना. आणि अल्कोहोलचा आकडा तर बाटलीच्या लेबलवरच छापलेला असतो.

तो आकडा शेतात ठरतो. आपल्याकडे द्राक्षवेलीची वर्षातून दोनदा छाटणी होते: एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी. त्यामुळे फळ हिवाळ्यात पिकतं आणि वाइनच्या द्राक्षांची तोडणी जानेवारी ते मार्चमध्ये होते. मणी रिफ्रॅक्टोमीटरवर चिरडून साखर मोजतात. २२ ते २४ ब्रिक्स (म्हणजे साधारणपणे रसातल्या साखरेचे टक्के) आलं की तोडायचं. ब्रिक्सला साधारण ०.५५ नं गुणलं की अल्कोहोलचे टक्के मिळतात, म्हणजे १२ ते १३. फेब्रुवारीच्या अखेरीस ऊन तापलं की साखर भराभर चढते आणि आम्ल त्याच वेगानं उतरतं. तोडणी चार दिवस लांबली तर वाइन कडक आणि बेचव व्हायला लागते, मग टाकीत टार्टरिक आम्ल घालून सावरावं लागतं. अशा वाइनच्या रेघा मात्र सुंदर येतात. टेस्टिंग रूममध्ये विचारायचंच असेल तर तोडणीच्या वेळचं ब्रिक्स आणि पीएच (आम्लतेचं माप) विचारा. उत्तर देणारा माणूस जाणकार आहे का, ते लगेच कळतं.

टाक्यांच्या दालनात आणखी एक गोष्ट पाळा. लिटरभर द्राक्षरस आंबताना पन्नासहून जास्त लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. तो हवेपेक्षा जड असतो आणि खाली साचतो. हंगामात फेसाळती टाकी बघायला झाकणातून डोकं आत घालू नये.

जाता जाता चंद्राबद्दल. वाइनच्या जगात चंद्राची पंचांगं विकली जातात. आज "फळाचा दिवस", वाइन छान लागेल, आज "मुळाचा दिवस", बाटली उघडू नका. अमावास्येला गाडी खरेदी न करणारी आपली मंडळी मागासलेली आणि इंग्रजीत तेच छापलं की ती जीवनशैली! न्यूझीलंडमध्ये जाणकारांना हे दिवस न सांगता पिनो न्वार ही रेड वाइन चाखायला दिली, तर गुणांमध्ये फरक आढळला नाही. २०१७ मध्ये तो निष्कर्ष प्रसिद्ध झाला. "रोज एक ग्लास रेड वाइन हृदयाला चांगली" हाही असाच टिकून राहिलेला दावा. जागतिक आरोग्य संघटनेनं जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट म्हटलं, की अल्कोहोलची कुठलीही मात्रा आरोग्याला सुरक्षित धरता येत नाही.

आणि आता हिशेब गाडी चालवणाऱ्याचा. तीस-तीस मिलीचे पाच घोट म्हणजे १५० मिली, १३ टक्क्यांनी साडेएकोणीस मिली, वजनात १५ ग्रॅमच्या वर अल्कोहोल. ७० किलोच्या पुरुषाच्या रक्तात, पोट रिकामं असेल तर, यानं १०० मिलीमागे तीसेक मिलिग्रॅम होतात. मोटर वाहन कायद्याची मर्यादा नेमकी ३० आहे. ५५ किलोच्या बाईच्या रक्तात तेच पन्नासच्या घरात जातं. तासाला पंधराएक मिलिग्रॅम उतरतात. कॉफीनं किंवा लिंबूपाण्यानं वेग वाढत नाही. टेबलावरचं थुंकायचं भांडं शोभेला ठेवलेलं नसतं, जाणकार ते बिनदिक्कत वापरतात. सगळ्यांनाच गिळायची असेल तर सकाळची तपोवन एक्स्प्रेस ठाण्याला थांबते आणि संध्याकाळी परतही आणते.

गाडीनंच गेलात तर बाटल्या डिकीत टाकून दुपारभर उन्हात ठेवू नका. ७५० मिली वाइन २० अंशांवरून ४५ अंशांवर गेली की सहा-सात मिली फुगते, आणि बुचाखालची मोकळी जागा साधारण चार मिलीची असते. हवा दाबली जाते, बूच वर सरकतं किंवा त्याच्या कडेनं वाइन पाझरते. घरी आल्यावर बाटलीच्या तोंडावरून बोट फिरवा. वेष्टणाखाली बूच उंच लागलं किंवा कडेला चिकट वाटलं, तर ती बाटली जपून ठेवण्याच्या भानगडीत पडू नका, महिन्याभरात संपवा. एरवीही ठाण्यातल्या फ्लॅटचा माळा हा बाटल्यांसाठी घरातला सर्वात वाईट कोपरा. बंद कपाटाच्या तळाशी, बूच ओलं राहील अशी आडवी ठेवा. स्क्रू कॅपची असेल तर उभी चालते.